दोन एलचा ळ

अरुण किन्हेकरांच्या जिभेवरून गेलेला शब्द कधी वाकडा बाहेर पडला नव्हता. हे अर्थात त्यांचं स्वतःचं मत. नागपूरच्या रेडिओ केंद्रावर एकोणतीस वर्षं त्यांनी बाजारभाव वाचले होते. तूर, हरभरा, सरकी हे शब्द त्यांच्या तोंडून असे पाखडून निघायचे की खडा म्हणून सापडायचा नाही. आता वय अडुसष्ट, मुक्काम मुलाकडे अमेरिकेत, शॉमबर्गला, आणि जवळपास बाजारही नाही, भावही नाहीत. पण आवाज तोच. स्वयंपाकघरात ते मीठ मागायचे तेव्हा शेजारच्या घरातला कुत्रा उठून बसायचा.

"लडाखी भाषा म्हणजे आठ दिवसांचं काम आहे," नोव्हेंबरातल्या एका करड्या सकाळी त्यांनी सुनेला सांगितलं. "पहिला शब्द आलासुद्धा. जुळे."

गिरिजा डबा भरत होती. "जुळे?"

"नमस्कार, आभार, या, येतो, सगळ्याला एकच. जुळे."

"बाबा, ते जुले असेल."

"स्पेलिंग बघ ना. दोन एल आहेत. इंग्रजीवाल्यांना ळ म्हणता येत नाही, म्हणून बिचारे दोन एल लिहितात. एक एल म्हणजे ल, दोन एल म्हणजे ळ."

"मग हॅलो म्हणजे हॅळो?"

"ते त्यांचं त्यांना लखलाभ."

गिरिजाच्या ओठाची एक कड हलली आणि परत जागेवर बसली. या घरात एप्रिलपासून हसू यायचं ते एवढंच, उंबऱ्यापर्यंत येऊन माघारी फिरायचं.

मार्चमध्ये शोभना गेली. अरुणरावांची बायको, सत्यजितची आई. एप्रिलमध्ये गिरिजा दोन दिवस इस्पितळात राहून आली आणि वरच्या मजल्यावरची छोटी खोली, जिच्या दोन भिंती पिवळ्या रंगवून झाल्या होत्या, ती तशीच अर्धी रंगवलेली बंद झाली. त्याबद्दल कुणी कुणाशी बोललं नाही. बाहेरच्यांना तर ठाऊकच नव्हतं. घरातली तीन माणसं एकमेकांना वाट देत चालायची, डिशवॉशर लावायची, हीटर वाढवायची, आणि मेपलची उरलेली पानं एकेक करून गवतावर येऊन पडायची.

लडाखचं वेड शोभनाचं. आजारपणात ती सोफ्यावर पडून डोंगरांच्या फिल्म्स बघायची. मठातले मुखवट्यांचे नाच, याकच्या लोकरीचे तंबू, आणि एकदा तो हिमबिबट्या, दगडासारखा दगडावर बसलेला. मादी होती. मागे पिल्लं होती. शोभना वर्ध्याकडची, आईच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत वाढलेली, आणि हातात सुई असो की सलाईनची नळी, ओवी जुळवल्याशिवाय तिला करमायचं नाही. त्या दिवशी तिनं पडल्या पडल्या म्हटलं होतं:

बर्फाच्या डोंगरात, उमटली गं पाऊलं
पुढं चाले माऊली, मागं तिची दोन मुलं

"एकदा जाऊन बघू हो," ती म्हणाली होती. म्हणून अरुणरावांनी लडाखातल्या एका लहान गावात, स्टॅन्झिन नावाच्या माणसाच्या घरी, फेब्रुवारीत दोघांच्या राहण्याचं ठरवून टाकलं होतं. फेब्रुवारी आला तेव्हा शोभनाला अंथरुणातून खिडकीपर्यंत जाववत नव्हतं. स्टॅन्झिन भला माणूस. त्यानं दोन्ही जागा पुढच्या फेब्रुवारीवर ढकलल्या. त्यापुढे मात्र ढकलता येणार नव्हत्या, आणि त्याच्या गावाचा नियम होता, की पासष्टच्या वरचा माणूस हिवाळ्यात एकटा यायचा नाही. घरचं कुणीतरी सोबत हवं. सोबतीचं नाव नोव्हेंबर संपायच्या आत कळवायचं.

"बाबा, प्रॅक्टिकल व्हा," सत्यजित म्हणाला होता. "उणे वीस. ऑक्सिजन नाही. मला सुट्टी नाही. आणि तो प्राणी दिसेलच याची गॅरंटी तरी आहे का?"

गॅरंटी तर बाजारभावाचीसुद्धा नसते, असं अरुणरावांच्या ओठांवर आलं होतं.  मग गिरिजाला विचारायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं, आणि दर सकाळी घसा साफ करून तिला मीठ कुठे आहे ते विचारलं.

त्या शनिवारी सकाळी सातला स्टॅन्झिनचा फोन आला. तिकडे संध्याकाळ. लाईन खरखरत होती, म्हणून अरुणरावांनी फोन स्पीकरवर टाकला आणि आवाज वाढवला. फोनचा नव्हे, स्वतःचा. सत्यजित कचऱ्याचे डबे रस्त्यावर न्यायला गेला होता, त्यामुळे गॅरेज उघडं होतं, आणि नेमकं त्याच वेळी दोन घरं पलीकडच्या शुभाताई नेलेलं इडलीपात्र परत द्यायला गॅरेजमधून आत येत होत्या. त्या दाराशी पोचल्या तेव्हा स्टॅन्झिनचं सांगून झालं होतं. त्यांना ऐकू आलं ते फक्त रेडिओ केंद्र.

"दो? पक्का दो?" अरुणरावांचा आवाज फुटला होता. "डॉक्टर साब ने खुद देखा? दुर्बीन से?... माँ की तबीयत कैसी है? खाती-पीती है ना?... फेब्रुवारी तक संभालना, बाबा. और किसी को बताना मत, फुकट गर्दी होगी. हाँ, हाँ. जुळे! जुळे, जुळे!"

डॉक्टर म्हणजे स्टॅन्झिनच्या गावातले गुरांचे डॉक्टर. पण दाराआड हे कुठून कळणार? शुभाताईंनी सोनोग्राफीलाच ते दुर्बीण म्हणत असतील असं समजून घेतलं. इडलीपात्र फ्रीझरवर ठेवलं, पदर नसल्यामुळे जॅकेटच्या बाहीनं डोळे टिपले, आणि पाय न वाजवता त्या परत गेल्या.

आत अरुणराव टेबलाशी बसून राहिले. पुढं चाले माऊली, मागं तिची दोन मुलं. शोभनाची ओवी त्या डोंगरावर खरोखर चालत होती, आणि ती बघायला इथून निघण्यासाठी त्यांना एक माणूस मिळत नव्हतं.

दुपारी ते अंगणात पानं ओढत होते. शुभाताई आल्या आणि जवळ उभ्या राहिल्या.

"भाऊजी, ऐकलं हो मी. चुकून ऐकलं. दोन म्हणे?"

"दोन," अरुणराव म्हणाले. ऐकलं तर ऐकलं, शॉमबर्गहून काय गर्दी होणार होती? "नशीब लागतं, शुभाताई. एखादं दिसायचीसुद्धा मारामार असते."

"फेब्रुवारीत?"

"फेब्रुवारीत. तिकडे, भारतात."

"इथे नको का?"

"इथे कुठलं आलंय हो असलं?"

"तेही खरंच. इथे हाताशी माणूस नाही. पण प्रवास झेपेल? डॉक्टर काय म्हणतात?"

"म्हणतात, पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. मग थोडं थोडं चालायचं. धाप लागली की थांबायचं."

"बरोबर आहे. आणि सत्यजित खूश असेल ना?"

"कसला खूश? विरोध आहे त्याचा. या वयात हे थेर कशाला, म्हणतो. मला सुट्टी नाही, म्हणतो."

शुभाताईंचा चेहरा पडला. "वयाचं काय घेऊन बसलाय तो? आजकाल चाळिशीतसुद्धा होतं सगळं नीट."

"मी अडुसष्टचा आहे."

"तुम्ही तर हवेतच हो, आधाराला. आणि गिरिजा काय म्हणते?"

अरुणरावांनी पानांचा ढीग उगाच इकडचा तिकडे केला. "तिला अजून विचारलं नाही."

"गिरिजाला?" शुभाताईंनी भिंतीला हात टेकला. "तिला विचारलंच नाही?"

"धीर होत नाही. विचारीन एक-दोन दिवसांत. ती नाही म्हणाली तर सगळं रद्दच करावं लागेल."

शुभाताईंनी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. या घरातल्या पुरुषांविषयी त्यांचं जे मत झालं ते त्यांनी गिळलं, आणि गिरिजासाठी काय करता येईल ते त्या घरी जाऊन करायला लागल्या. कुणाला सांगायचं नाही हे त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळा फोन करून बजावलं.

मग त्या घरावर माया बरसू लागली. सोमवारी दारात डिंकाचे लाडू. मंगळवारी कुणीतरी अळिवाची खीर ठेवली, बुधवारी दोन विणलेली टोपडी, एकसारखी. अरुणरावांनी एक टोपडं डोक्यावर चढवून बघितलं. बसेना. "लडाखच्या थंडीला चांगलं आहे, पण माप चुकलं," ते म्हणाले, आणि गिरिजा ऑफिसातून यायच्या आत ती कपाटात ठेवली, न जाणो कुणाला वाईट वाटायचं. देसी दुकानात एका अनोळखी बाईनं गिरिजाच्या हातातली तांदळाची पिशवी हिसकावून घेतली आणि "तू नको गं उचलू," म्हणून गाडीपर्यंत नेऊन दिली.

"बाबा, लोक असे का वागताहेत?" गिरिजानं विचारलं.

"माझ्या ट्रिपचं कळलंय सगळ्यांना," अरुणराव म्हणाले. "आपल्या माणसांना हिमालयाचं फार."

"तांदळाची पिशवी का घेतली मग माझी?"

 मीठ कुठे आहे, ते त्यांनी विचारलं.

रविवारी शुभाताईंनी जेवायला बोलावलं. "गिरिजाला आणाच," त्या म्हणाल्या, "बाकी काही सांगू नका. छोटासा कार्यक्रम आहे." अरुणरावांना वाटलं, आपला निरोपसमारंभ. त्यांनी कोट घातला, खिशात भाषणाचा कागद ठेवला. सत्यजितला ऑफिसचा कॉल होता, तो मागून येणार होता. दोन घरांचं अंतर, पण बर्फ भुरभुरत होता म्हणून गिरिजानं गाडी काढली. गाडीत विचारायचं असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी घसा साफ केला.

"गिरिजा."

"काय बाबा?"

आणि गाडी शुभाताईंच्या दारात उभी राहिली.

खालच्या बेसमेंटमध्ये पाऊण मंडळ जमलं होतं. मधोमध पाळण्यासारखा झोपाळा, त्याला शेवंतीच्या माळा, समोर रांगोळी. झोपाळा बघून अरुणरावांना भरून आलं. सत्कारमूर्तीला झोपाळ्यावर बसवतात हे त्यांनी कुठे पाहिलं नव्हतं, पण अमेरिकेतल्या मराठी माणसांनी बऱ्याच नव्या रीती काढल्या होत्या. कुणी काही म्हणायच्या आत ते पुढे झाले, कोट सावरला आणि झोपाळ्यावर बसले.

बायकांच्या हातातली औक्षणाची ताटं हवेत थांबली.

"भाऊजी, तुम्ही नाही," शुभाताई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"असू द्या हो. मी अवघडून बसणारा माणूस नाही."

तेवढ्यात त्यांना समोरच्या भिंतीवरची पताका दिसली. लाल कागदावर सोनेरी अक्षरं: येणार, येणार, जुळे येणार. त्यांचा चेहरा उजळला. मार्चनंतर प्रथमच.

"बघ गिरिजा," ते रेडिओच्या आवाजात म्हणाले. "सगळे ळच लिहितात."

गिरिजा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी होती. तिनं पताका वाचली. मग हिरवी साडी पाहिली, ओटीचा नारळ पाहिला, झाकलेल्या वाट्या पाहिल्या. वाट्या चार होत्या. एका वेळी दोन बाळं ओळखायची, म्हणून शुभाताईंनी बर्फी-पेढ्याचे दोन संच मांडले होते. तिच्या जॅकेटवरचा बर्फ विरघळून थेंबथेंब खाली पडत होता, आणि बेसमेंटमध्ये तेवढाच आवाज होता.

"मावशी," गिरिजा म्हणाली, "असं काही नाहीये."

"अगं, लाजतेस काय? जाड कोटात कळत नसलं तरी..."

"नाहीये. होतं. एप्रिलमध्ये गेलं."

कुणी हललं नाही. फक्त झोपाळा हलत होता, कारण अरुणराव उठायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. कडी कुरकुरत होती. एकोणतीस वर्षं सरळ बोललेल्या माणसाला आता शब्द सापडेना.

"तो बिबट्या," ते शेवटी म्हणाले. "लडाखचा. मादीला दोन पिल्लं झाली आहेत. तेच मी फोनवर... मी फक्त नमस्कार म्हणत होतो, शुभाताई. तिकडे नमस्काराला जुळे म्हणतात."

"जुले," गिरिजा म्हणाली.

"जुले," अरुणराव म्हणाले. तो शब्द त्यांच्या जिभेवरून पहिल्यांदाच सरळ गेला, आणि तोही इतका हळू की पहिल्या रांगेपलीकडे कुणाला ऐकू आला नाही.

शुभाताई खुर्चीत बसून रडायला लागल्या. "मला वाटलं, शोभना नाही, पोरीचं कोण करणार? म्हणून गं. तुझी पिशवीसुद्धा मीच सांगून..."

"हो, तांदळाची," गिरिजा म्हणाली. "कळलं आता."

ती निघून जाईल असं सगळ्यांना वाटलं. अरुणरावांनाही वाटलं. फेब्रुवारी गेला, हे तर त्यांनी धरलंच. त्याहून वाईट म्हणजे आता ही पोरगी सकाळी डबा भरताना आपल्याशी बोलायची नाही. गिरिजा आली आणि त्यांच्या शेजारी झोपाळ्यावर बसली. दोघांच्या वजनानं कडी पुन्हा कुरकुरली.

"बाबा, कुणालाच काही सांगितलं नाही ना आपण? आईंचं तरी बोललो असतो."

"मी रोज बोलायला येत होतो."

"तुम्ही रोज मीठ मागत होतात."

अरुणराव रांगोळीकडे बघत राहिले. "गाडीत विचारणार होतो. सोबत कुणीतरी हवं असतं तिकडे. सत्यजितला जमत नाही. तुझ्यावर सक्ती नाही. आता तर मी म्हणतही नाही."

"खरंच दोन पिल्लं आहेत?"

"स्टॅन्झिननं पाहिली. डॉक्टरांनी पाहिली. आईच्या मागे चालतात." आणि मग, त्या अख्ख्या मंडळासमोर, त्यांनी शोभनाची ओवी म्हटली. चालीवर नाही, बाजारभाव वाचावे तशी सरळ. शेवटच्या शब्दाला आवाज दगा देऊन गेला.

 मग समोरच्या चौरंगावरची एक वाटी गिरिजानं उचलली आणि झाकण काढलं. एवढ्या बायका, एवढा तो प्रसंग, पण वाटी उघडल्यावर काय निघालं हे बघायला सगळ्यांच्या माना आपोआप पुढे आल्या.

"बर्फी," गिरिजा म्हणाली. तिनं तिचा तुकडा मोडला, अर्धा सासऱ्याच्या हातावर ठेवला. "बर्फातच जायचं दिसतंय, बाबा. कळवा त्यांना माझं नाव."

तेवढ्यात जिन्यावरून सत्यजित उतरला. त्यानं बघितलं तर शेवंतीच्या माळा, रडणाऱ्या शुभा मावशी, आणि झोपाळ्यावर बर्फी खात बसलेले वडील आणि बायको.

"डोहाळजेवण कुणाचं आहे?" त्यानं विचारलं. 

फेब्रुवारीत सासरा आणि सून बारा दिवस लडाखात राहून आले. बिबट्या दिसला नाही. स्टॅन्झिनची दुर्बीण डोळ्यांना लावून लावून अरुणरावांच्या नाकावर वळ उठला, पण समोर दगड ते दगडच राहिले. मठ पाहिला, मुखवट्यांचा नाच पाहिला, मिठाचा चहा प्याले. मीठ कुठे आहे ते तिकडे विचारावं लागलं नाही. एक गोष्ट मात्र त्यांनी घरी कुणाला सांगितली नाही. गावात शिरले तर लहानथोर सगळे त्यांना बघून जीभ वळवून वळवून "जुळे" म्हणत होते. अमेरिकेच्या पाहुण्याला असंच म्हटलेलं आवडतं, अशी स्टॅन्झिननं सगळ्यांना ताकीद दिली होती. अरुणरावांनी ल काढून दाखवला, पण आता गाव ऐकेना.

दहाव्या दिवशी पहाटे गिरिजानं त्यांना हाक मारली. घरामागच्या उतारावर, ताज्या बर्फात, पावलांची ओळ वर गेली होती. एक मोठी, आणि तिच्या मागे, कधी तिच्या आत पाय टाकत, दोन लहान. गिरिजा तिथेच गुडघ्यांवर बसली, हातमोजा काढला आणि एका लहान पावलाच्या कडेला नुसतं बोट ठेवलं. दोघं ऊन येईपर्यंत तिथे होती. काही बोलली नाहीत, पण हे न बोलणं घरातल्यासारखं नव्हतं.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी शुभाताईंचा फोन आला. गिरिजा वरच्या खोलीचं दार उघडून पिवळ्या रंगाचा डबा अजून ओला आहे का ते बघत होती. अरुणराव खाली, स्पीकरवर.

"मग भाऊजी, काही दिसलं की नाही?"

"प्रत्यक्ष नाही हो," अरुणराव भरल्या आवाजात म्हणाले. "पण चाहूल लागली. गिरिजालाच आधी लागली."

 मग शुभाताईंनी "काळजी घ्या हं तिची," म्हणून घाईनं फोन ठेवला.

संध्याकाळी दारात डिंकाच्या लाडवांचा डबा होता. झाकणावर चिठ्ठी: या वेळी मी कुणाला म्हणून सांगत नाही.

गिरिजानं चिठ्ठी दोनदा वाचली आणि सासऱ्याकडे पाहिलं.

"बाबा, फोनवर काय म्हणालात?"

"काही नाही गं," अरुणराव म्हणाले. "यात ळ कुठेच नव्हता."